त्रेपन्न दात्यांचे चक्र

कोकणातील व गोमंतकातील पोफळीच्या बागांतून ज्यांचे बालपण गेले, त्यांना रहाट कसा असतो हे सांगावयास नको. बैल गोल फिरतो, लाकडी चक्र कुरकुरते, आणि गाडग्यांची माळ विहिरीतून पाणी घेऊन वर येते व रिकामी होऊन पुन्हा खाली जाते. आपल्या भाषेने तर संसारालाच रहाटगाडगे हे नाव देऊन टाकले. चक्रावरून फिरणाऱ्या अखंड माळेची ही कल्पना प्राचीन आहे. परंतु रहाटाची माळ क्वचित घसरली, तर थोडे पाणी सांडते, याहून अधिक काही बिघडत नाही. जेथे घसरणे मुळीच चालत नाही, अशा ठिकाणी माळेला चक्राशी बांधून ठेवण्याचे काम दात्यांना करावे लागते. किती दाते, आणि दोन दात्यांत अंतर किती, या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नामागे मोठा इतिहास दडलेला आहे. त्या इतिहासात डोकावण्याचा प्रसंग आमच्यावर एका जुन्या मोटारसायकलने आणला.

ही गाडी बीएसए एम-२० जातीची. ४९६ घनसेंटिमीटरच्या एका सिलिंडरची, वजनाला भक्कम, चालीला संथ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी ह्या गाड्या प्रचंड संख्येने तयार झाल्या, आणि युद्ध संपल्यावर त्यांतील कित्येक निरनिराळ्या देशांत नागरिकांच्या हाती आल्या. आमच्या आजोबांनी १९४७ मध्ये बेळगावला लष्करी मालाच्या लिलावात ती घेतली. पुढे १९६३ मध्ये आमचे वडील फोंड्यास शिक्षक म्हणून आले, तेव्हा गाडीही लोंढा, अनमोड, मोलें या मार्गाने घाट उतरून त्यांच्याबरोबर आली. म्हार्दोळच्या जत्रेला जाणारी पाहुणेमंडळी मागच्या बैठकीवर बसवून नेणे, हे तिचे पुढील पंचवीस वर्षांचे मुख्य काम होय.

वडिलांच्या पश्चात त्यांची एक वही आमच्या हाती लागली. तीत पेट्रोलचा हिशोब आहे, दुरुस्तीच्या तारखा आहेत, आणि १९६८ च्या एका पानावर एवढेच वाक्य आहे: ‘चेन बदलली. अर्ध्या इंचाची. मिस्त्री म्हणतात मागे ५३ हवेत. यंत्रावर होत नाहीत, ५२ केले.’ वकिलाच्या धंद्यात अशा त्रोटक नोंदीवर कित्येकदा अख्खा दावा उभा राहतो. ५३ का हवे होते, आणि ५२ वर का भागवावे लागले? ह्या दोन प्रश्नांचा पाठपुरावा करिता करिता आम्ही फोंड्याहून थेट मँचेस्टरपर्यंत जाऊन पोहोचलो; अर्थात पुस्तकांच्या मार्गाने.

साखळीने गती देण्याची युक्ती कोणा एकाची नव्हे. चीनमध्ये अकराव्या शतकाच्या अखेरीस सू सोंग याने बांधलेल्या खगोलीय घड्याळात साखळीने चक्रे फिरत असत. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत साखळ्यांची चित्रे आहेत. १८२९ मध्ये आंद्रे गाल या फ्रेंच कारागिराने पट्ट्या व पिना यांनी जोडलेल्या साखळीचे पेटंट घेतले. परंतु या साखळ्यांचा एक दोष होता. पिनेचा सारा भार पट्टीच्या छिद्राच्या अरुंद कडेवर येई. तेवढीच कड झिजून छिद्र लांबट होई, आणि प्रत्येक कडी केसभर वाढली तरी सबंध साखळी बोटभर लांब होऊन दात्यांवरून उडी मारू लागे. जेम्स स्लेटर या इंग्रज कारागिराने १८६४ मध्ये ही साखळी सुधारण्याचा प्रयत्न केला, व सॅलफर्ड येथे त्याचा एक लहानसा कारखाना होता. तो १८७९ मध्ये हान्स रेनोल्ड या स्वित्झर्लंडहून आलेल्या तरुण अभियंत्याने विकत घेतला, आणि दुसऱ्याच वर्षी, १८८० मध्ये, आज आपल्या सायकलीवर व मोटारसायकलीवर दिसते त्या साखळीची मूळ रचना सिद्ध केली.

रेनोल्डचे डोके कोठे चालले, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. त्याने आतल्या दोन पट्ट्यांच्या दरम्यान एक पोकळ नळी बसविली. तिला बुश म्हणतात. पिन आता पट्टीच्या कडेवर न घासता या नळीच्या सबंध लांबीवर टेकली. भार विभागला गेला, झीज कित्येक पटींनी घटली. मग त्या नळीवर त्याने एक मोकळा फिरणारा रूळ चढविला. दाता साखळीला भिडतो तेव्हा रूळ गरकन फिरतो, त्यामुळे दाता व साखळी यांचे घर्षणही उरत नाही. नळी आणि रूळ, एवढीच काय ती सुधारणा. परंतु पुढे १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली याची ‘रोव्हर’ सायकल रस्त्यावर आली आणि मागच्या चाकाला साखळीने गती देणारी ही गाडी जगभर पसरली, ती अशाच साखळीच्या बळावर. विमानविद्येचेही तेच. राइट बंधूंनी १९०३ मध्ये आपल्या विमानाचे पंखे फिरविले ते साखळ्यांनीच. इंजिनावर ८ दाते व पंख्याच्या दांड्यावर २३. साखळी पुरविणारा कारखाना अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरचा होता, आणि पंख्याच्या दांड्यावरील चक्रे ढिली होऊ लागली तेव्हा या दोघा सायकलवाल्या भावांनी ती सायकलच्या टायरला लावावयाच्या सिमेंटने घट्ट केली. मोठ्या शोधांच्या इतिहासात असा दुकानी गोंद वरचेवर आढळतो, आणि तो आढळला की आम्हाला बरे वाटते.

इतके असूनही मोटारसायकलीच्या जगात साखळीला सहजासहजी प्रवेश मिळाला नाही. आरंभीच्या बहुतेक ब्रिटिश गाड्या कातडी किंवा रबरी पट्ट्यावर चालत. पट्टा मऊ, इंजिनाचा प्रत्येक धक्का तो गिळून टाकी, आवाज करीत नसे, तेल मागत नसे. साखळी मात्र एकसिलिंडरी इंजिनाचा प्रत्येक ठोका जशाचा तसा चाकापर्यंत पोहोचवी, व स्वारास तो कमरेत जाणवे. म्हणून पावसात पट्टा घसरतो, चढावर तुटतो, हे रोज अनुभवूनही इंग्रज कारखानदार पट्ट्यालाच चिकटून राहिले. फेलन अँड मूर व स्कॉट असे थोडे कारखाने साखळीच्या बाजूने होते. बहुमत विरुद्ध होते.

निकाल लागला तो आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यतीत. १९११ मध्ये तेथील टीटी शर्यत प्रथमच डोंगराच्या चढणीवरून घेण्यात आली. अमेरिकेहून आलेल्या इंडियन गाड्यांना साखळीची गती व दोन वेगांची गिअरपेटी होती. त्या वर्षी वरिष्ठ वर्गात पहिला, दुसरा व तिसरा, असे तिन्ही क्रमांक इंडियनने घेतले. पुढील दोन्ही वर्षी, १९१२ व १९१३ मध्ये, साखळीवरच चालणारी स्कॉट जिंकली. १९१४ मध्ये सिरिल पुलिन याने पट्ट्याच्या रज मल्टीवर बाजी मारली खरी. पण तो विझत्या दिव्याचा शेवटचा उजेड होता. साखळीच्या धक्क्यावर तोडगाही सापडला. कोणी इंजिनाच्या आसावर स्प्रिंगेचा गतिशामक बसविला, तर रॉयल एन्फील्डने मागच्या चाकाच्या तुंब्यात रबराचे ठोकळे घातले. पट्ट्याचा मऊपणा असा साखळीच्या घरी नांदावयास आला.

आता मापांकडे वळू, कारण आमच्या वहीतील कोडे तेथेच आहे. एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतच्या अंतराला कारागीर पिच म्हणतात. हे अंतर इंचात ठरले, कारण साखळीचे जन्मघर लँकेशायर होते. सायकलींनी अर्धा इंच स्वीकारला. मोटारसायकलींत इंजिनापासून गिअरपेटीपर्यंतच्या साखळीला बहुधा अर्धा इंच, व गिअरपेटीपासून मागच्या चाकापर्यंतच्या जड साखळीला बहुधा ५/८ इंच, अशी प्रथा ब्रिटिश कारखान्यांत रूढ झाली. साखळीचा दुसरा आकडा आतल्या पट्ट्यांमधील रुंदीचा. आमच्या बीएसएची मागची साखळी ५/८ × १/४ होती. फ्रान्सने मीटर दिला, जगाने तो घेतला, पण साखळी मात्र इंचालाच बांधलेली राहिली. जपानी असो वा जर्मन, आजही मोटारसायकलीच्या साखळीचे पिच १२.७० किंवा १५.८७५ मिलिमीटर असेच निघते. म्हणजे वेष मिलिमीटरचा, शरीर इंचाचे. दुकानात मिळणाऱ्या ५२० क्रमांकाच्या साखळीतील पहिला ५ म्हणजे पाच अष्टमांश इंच, व २० म्हणजे रुंदी दोन अष्टमांश. ४२८ मधील ४ म्हणजे चार अष्टमांश, अर्थात अर्धा इंच. शेवटचे २८ मात्र ह्या हिशोबात चोख बसत नाहीत, कारण तिची रुंदी प्रत्यक्षात ५/१६ इंच असते. कोणत्याही कायद्यात एखादे कलम असे निघतेच.

मग चालत्या गाडीची साखळी वडिलांनी बदलली का? उत्तर त्या काळच्या बाजारात आहे. १९५६-५७ नंतर देशापुढे परकीय चलनाची टंचाई उभी राहिली, आयात परवान्यांवर आली, आणि ब्रिटिश गाड्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले. त्याच सुमारास देशी उद्योग उभा राहत होता. मद्रासला १९५५ मध्ये एन्फील्ड इंडिया निघाली. म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ मध्ये जावा बाहेर पडू लागली. मद्रासलाच टी. आय. डायमंड चेन हा साखळ्यांचा कारखाना इंडियानापोलिसच्या त्याच डायमंड कंपनीच्या सहकार्याने निघाला, जिच्या साखळ्यांवर राइट बंधूंचे पंखे फिरले होते. जावाची मागची साखळी अर्ध्या इंचाची, ५/१६ रुंदीची. म्हणजे ज्या दुकानात जावाचे सामान, त्या दुकानात अर्ध्या इंचाची साखळी हमखास. आणि ५/८ × १/४ मागणाऱ्याला दुकानदाराने मान हलवावी. फोंड्याच्या मिस्त्रींनी वडिलांस जे सांगितले ते घरात पुढे म्हणीसारखे वापरले जाई: ‘मास्तर, ही चेन आतां खंयच मेळची ना.’

साखळी बदलली म्हणजे दोन्ही चक्रे बदलावी लागतात. कारण ५/८ च्या साखळीतील रूळ १०.१६ मिलिमीटर व्यासाचा, तर अर्ध्या इंचातील ८.५१ मिलिमीटरचा. एकीचे दाते दुसरीला चालत नाहीत. आमच्या गाडीच्या मूळ चक्रांना पुढे १९ व मागे ४२ दाते होते. चक्रांचा आकार तोच ठेवून पिच ५/८ वरून अर्ध्यावर आणावयाचे, तर दाते पाचास चार या प्रमाणात वाढवावे लागतात. १९ चे झाले पावणेचोवीस, ४२ चे साडेबावन्न. अपूर्णांकाचे दाते कोणी कापीत नाही. मिस्त्रींनी पुढे २४ धरले, हे उघड आहे. मागे ५२ की ५३? मूळ प्रमाण ४२ भागिले १९, म्हणजे २.२११. चोवीसाला ५३ घेतले तर २.२०८, जवळजवळ तेच. ५२ घेतले तर २.१६७; म्हणजे गाडी सुमारे दोन टक्क्यांनी ‘लांब’ होते, सपाटीवर किंचित वेगवान व घाटात किंचित जड. शिवाय ५२ व २४ या दोहोंस चार या संख्येने भाग जातो. तेच दाते पुन्हा पुन्हा त्याच कड्यांना भेटतात व झीज ठिकठिकाणी साचते. ५३ ही अविभाज्य संख्या. तेथे दात्यांच्या व कड्यांच्या गाठी सारख्या बदलत राहतात. मिस्त्रींना ५३ का हवे होते, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे. त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे, असे वडील सांगत.

आणि ५३ का झाले नाहीत? दाते कापताना चक्राचे समान भाग पाडण्यासाठी जे उपकरण वापरतात, त्याची मूठ चाळीस वेळा फिरविली की चक्र एकदा फिरते. फेरीचा अपूर्णांक मोजण्यासाठी छिद्रांची वर्तुळे असलेली तबकडी असते. ५२ दाते हवे असल्यास ३९ छिद्रांच्या वर्तुळावर दर दात्याला ३० छिद्रे पुढे जावे, की काम झाले. परंतु ५३ साठी ५३ छिद्रांचेच वर्तुळ लागते, आणि सर्वत्र आढळणाऱ्या तबकड्यांवर ४९ च्या पुढे वर्तुळ नसे. मिस्त्रींच्या गणिताला जे दिसत होते, ते त्यांच्या हाताशी असलेल्या पोलादाला जमत नव्हते. त्यांनी मागच्या ब्रेकच्या तुंब्यावरील मूळ ४२ दाते लेथवर उतरविले, त्या जागी ५२ दात्यांचे कडे रिव्हेट मारून बसविले, आणि वडिलांस सांगून टाकले की एक दाता कमी आहे. वडिलांनी ते लिहून ठेवले. अनमोडच्या घाटात गाडी तेव्हापासून जड ओढते, असे ते आयुष्यभर म्हणत राहिले. दोन टक्क्यांचा फरक स्वारास जाणवावा काय, याविषयी आमच्या मनात शंका आहे. पण वडिलांची उलटतपासणी घेण्याची आमची कधी छाती झाली नाही.

या फेरबदलात लाभही होता, तो सांगितला पाहिजे. साखळी चक्रावर वर्तुळात वळत नाही, बहुकोनात वळते. म्हणून चक्र एकसारखे फिरत असले तरी साखळीचा वेग दर दात्याला किंचित कमीजास्त होतो. ही अनियमितता १९ दात्यांवर सुमारे १.४ टक्के असते, २४ दात्यांवर ०.९ टक्क्यांच्याही खाली येते. राइट बंधूंच्या ८ दात्यांवर ती साडेसात टक्क्यांवर होती! म्हणजे मिस्त्रींनी केवळ तडजोड केली नाही. गाडीची चाल काहीशी मृदूही केली.

गाडी गेली काही वर्षे पडवीत उभी होती. ती पुन्हा चालती करावी असे ठरले, तेव्हा आमच्या घरात दोन पक्ष पडले. आमचे थोरले चुलतबंधू मुंबईस अभियंता आहेत. दादांचे म्हणणे असे की मिस्त्रींचे कडे काढून टाकावे, इंग्लंडहून नवा तुंबा मागवावा, व मूळ ५/८ × १/४ ची साखळी घालावी. ती आता दुर्मिळही नाही. ५२० क्रमांकाखाली तेच माप आज नव्या गाड्यांसाठी सर्रास मिळते. काळाचा हा एक विनोदच म्हटला पाहिजे, की ज्या मापासाठी वडिलांनी दुकाने पालथी घातली, ते माप दुसऱ्या नावाने आपल्या पायांनी परत आले. दादांनी कायद्याचाही आधार घेतला. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील जुन्या वाहनांच्या नोंदणीचे जे नियम केले, त्यांत वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे अशी अट आहे.

कायद्याची गोष्ट निघाल्यावर आम्हास बोलणे प्राप्त झाले. तो नियम पुढे असेही सांगतो की सांगाडा, बाह्य अंग व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही (आकड्यांचा योगायोग पाहावा) नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत असे बदल करण्यास मनाई करते. नोंदणीपत्रात चक्राचे दाते कोणी लिहीत नाही. तेव्हा कायदा या वादात तटस्थ आहे. प्रश्न उरतो तो ‘मूळ’ कशास म्हणावे, एवढाच. आपल्या देवळांचे जीर्णोद्धार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा वाद नवा नाही. पणजोबांच्या काळातील लाकडी खांब काढून त्याआधीचा कोणी न पाहिलेला खांब कल्पनेने घडवावा, की जो आहे तोच दुरुस्त करावा? बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून निघालेली गाडी एक. फोंड्यात बावन्न दात्यांवर वीस वर्षे चाललेली गाडी दुसरी. पहिली आज जगात पुष्कळ ठिकाणी पाहावयास मिळेल. दुसरी आमच्या पडवीत होती, व तिचा कर्ता हयात नव्हता. नवा तुंबा आणला असता, तर त्या माणसाने केलेल्या कामाची एकमेव खूण आम्ही भंगारात टाकली असती.

दादा म्हणाले, ‘भावना ठीक आहे, पण चक्र झिजलेले आहे, हे तरी पाहशील की नाही?’ ते खरे होते. दात्यांची टोके वाकडी होऊन माशाच्या गळासारखी झाली होती, आणि ती, वर सांगितल्याप्रमाणे, ठराविक अंतराने अधिक झिजली होती. मिस्त्रींची भीती अक्षरश: खरी ठरली होती. त्या कड्यावर नवी साखळी घालणे म्हणजे नवी साखळी फुकट घालविणे. कडे बदलणे भागच होते. आम्ही वहीचे ते पान दादांच्या पुढे ठेविले.

दादांनी पान दोनदा वाचले, चष्मा काढला, आणि कागदावर आमच्याआधी तो हिशोब पुरा केला. पुढचा आठवडा ते बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखानदार स्नेह्यापाशी तळ देऊन होते. आता चक्रे कापणारी यंत्रे संगणकाच्या आज्ञेने चालतात. त्यांना छिद्रांची तबकडी लागत नाही, आणि ५२ व ५३ यांत त्यांना काही भेद नाही. अर्ध्या इंचाच्या पिचाचे ५३ दात्यांचे कडे एका दुपारी कापून झाले. मिस्त्रींनी पाडलेल्या रिव्हेटच्या छिद्रांवर ते छिद्रांस छिद्र बसावे म्हणून दादांनी जुन्या कड्यावरूनच मापे घेतली होती. पुढच्या २४ दात्यांच्या चक्राची झीज कमी होती. तरीही साखळीबरोबर दोन्ही चक्रे नवी असावीत या रीतीस धरून तेही नवे केले. साखळी ४२८ ची, फोंड्याच्याच दुकानातून आणली. तिच्या जोडकडीची क्लिप बसविताना बंद तोंड चालीच्या दिशेला ठेवावे लागते, हे दादांनी आम्हास तीन वेळा बजाविले.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात पाऊस थोडा उघडला होता. मोलेंच्या पुढे चढ सुरू झाल्यावर दादांनी गाडी आमच्या हाती दिली व स्वत: मागे बसले. वरच्या वळणापर्यंत कोणी काही बोलले नाही. तेथे गाडी थांबवून त्यांनी विचारले, ‘काय रे, हलकी वाटते का?’ आम्ही सांगितले की आम्हास काहीही फरक कळला नाही. बावन्न दात्यांचे जुने कडे आम्ही तेल लावून वडिलांच्या वहीसह कपाटात ठेविले आहे.